टायर बदललात? मग सायकल कॉम्प्युटरमधला आकडाही बदला

सायकल कॉम्प्युटरला, म्हणजे हँडलवरच्या वेग आणि अंतर दाखवणाऱ्या छोट्या यंत्राला, वेग कळत नाही. त्याला फक्त दोन गोष्टी कळतात: चाकाचा एक फेरा पूर्ण झाला, आणि मागच्या फेऱ्यापासून इतका वेळ गेला. स्पोकवरचं चुंबक फोर्कवरच्या सेन्सरसमोरून गेलं की आतला बारीकसा स्विच क्षणभर जोडला जातो आणि एक ठोका मोजला जातो. त्या एका ठोक्यात सायकल किती पुढे सरकली, हे त्याला तुम्ही सांगायचं असतं. तुम्ही २१०५ भरलंत की तो प्रत्येक ठोक्याला २१०५ मिलिमीटर धरून चालतो, मग चाक प्रत्यक्षात २१५५ मिलिमीटर का सरकेना.

हा फरक किरकोळ वाटतो. ७००×२५ चा टायर काढून त्याहून जाड ७००×३२ चा चढवला आणि आकडा जुनाच राहिला, तर कॉम्प्युटरसोबत येणाऱ्या तक्त्याच्या हिशोबाने कॉम्प्युटर सुमारे २.३ टक्के कमी दाखवतो. तुम्ही ३० च्या वेगाने जात असता, पडद्यावर २९.३ दिसतात. रोजच्या फेरफटक्यात याने काही बिघडत नाही. पण हातात अंतराची यादी घेऊन २०० किलोमीटरची राइड करत असाल आणि यादीत ‘१८० किमी, डावीकडे वळा’ असं लिहिलं असेल, तर ते वळण येतं तेव्हा कॉम्प्युटर १७५.८ दाखवत असतो. तुम्ही निवांत पुढे निघून जाता आणि चार किलोमीटरनंतर वळण शोधायला लागता.

आकडा खऱ्यापेक्षा मोठा भरला गेला तर उलटं होतं: वेग वाढीव दिसतो. ही चूक सहसा कोणी दुरुस्त करायला जात नाही!

चुकीच्या आकड्याने बिघडतं ते वेग, सरासरी, कमाल वेग, अंतर आणि त्यांवरून काढलेल्या कॅलरी. पॅडलचे फेरे, हृदयाचे ठोके आणि घड्याळ यांचा टायरशी संबंध नाही.

काय काय लागेल

- मोजपट्टी. ५ मीटरची चालेल, १५ मीटरची असेल तर उत्तम
- खडू किंवा कागदी चिकटपट्टी
- हवेचा दाब दाखवणारा पंप
- सपाट, सरळ जागा, साधारण १२ मीटर
- सायकल धरायला एक माणूस (नसेल तरी जमतं, पुढे सांगितलं आहे)
- कॉम्प्युटरचं माहितीपत्रक
- वही-पेन. एकूण किलोमीटर लिहून ठेवायचे आहेत

१. आधी दोष टायरच्या आकड्याचाच आहे ना, ते बघा

टायरच्या आकड्यामुळे होणारी चूक कायम एकाच टक्केवारीत असते. १० च्या वेगाला २ टक्के, ४० च्या वेगालाही २ टक्के. आज आहे तितकीच उद्या. तुमची चूक अशी वागत नसेल, तर मोजपट्टी नंतर काढा, आधी चुंबक आणि सेन्सर तपासा.

वेग बरोबर दुप्पट दिसतोय? चाकावर दोन चुंबकं आहेत. जुन्या कॉम्प्युटरचं चुंबक स्पोकवर तसंच राहून जातं आणि नवं त्याच्या समोरच्या बाजूला बसतं, असं पुष्कळदा होतं. ३० च्या जागी १८.६ दिसत असतील तर मैलांची सेटिंग आहे. किलोमीटर आणि मैल यांतला फरक १.६०९ पटीचा.

जोरात असताना आकडा मध्येच शून्यावर येतो किंवा अडखळतो, तेव्हा चुंबक आणि सेन्सर यांत अंतर जास्त पडलेलं असतं. बहुतेक साध्या सेन्सरना साधारण ५ मिलिमीटरच्या आत अंतर लागतं, आणि चुंबक सेन्सरवरच्या खुणेसमोरूनच जावं लागतं. सपाट रस्त्यावर वेग एकदम ७०-८० वर उडी मारतो आणि परत येतो? बिनतारी सेन्सर असेल तर शेजारचा एलईडी दिवा बंद करून बघा. स्वस्त दिव्यांच्या सर्किटमधून निघणारा गोंगाट साध्या बिनतारी सेन्सरच्या संदेशात मिसळतो. ‘कमाल वेग ९५’ असले विक्रम बहुधा असेच नोंदले जातात.

हे सगळं ठीक आहे आणि तरीही अंतर ठरावीक टक्क्यांनी कमी किंवा जास्त येतंय, तर पुढे वाचा.

२. टायरच्या बाजूवरचे आकडे वाचा, पण योग्य ते

टायरवर दोन प्रकारचे आकडे असतात. एक दुकानात बोलला जाणारा: ७००×२८, २६×१.७५, २९×२.१. दुसरा बारीक अक्षरांत, ठशासारखा उठलेला: २८-६२२, ४७-५५९. कामाचा हा दुसरा. त्यातला पहिला भाग टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि दुसरा भाग टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, तोही मिलिमीटरमध्ये. तो दिसत नसेल तर ओल्या फडक्याने टायरची बाजू पुसा आणि टॉर्च तिरका धरा.

दुकानातल्या आकड्यांनी भलेभले फसतात:

- ‘७००’, ‘२९ इंच’ आणि आजकालचे बहुतेक ‘२८ इंच’ हे तिन्ही ६२२ च आहेत. फरक फक्त टायरच्या जाडीचा. पण जुन्या पद्धतीच्या काळ्या रोडस्टरचं २८×१ १/२ हे चाक ६३५ चं असतं.
- ‘२६ इंच’ या एका नावाखाली निदान चार वेगळी चाकं येतात: ५५९, ५७१, ५८४ आणि ५९०. दशांशात लिहिलेलं २६×१.७५ हे ५५९, तर अपूर्णांकात लिहिलेलं २६×१ ३/४ हे ५७१. गणितात १.७५ आणि १ ३/४ एकच. पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. कॉम्प्युटरच्या यादीतून ‘२६’ एवढंच बघून निवड केलीत तर ५५९ आणि ५९० यांच्या घोळात परीघ जवळजवळ १०० मिलिमीटरने चुकतो.
- ‘२० इंच’ म्हणजे ४०६ किंवा ४५१. घडीच्या सायकलवाल्यांनी हे नक्की बघावं. इथे फसलात तर चूक नऊ टक्क्यांच्या आसपास जाते.

लहान चाकांना टायरची जाडीही जास्त भोवते. टायर १० मिलिमीटरने रुंद झाला की परीघ साधारण ६३ मिलिमीटरने वाढतो, चाक कोणतंही असो. ६२२ च्या चाकावर हे सुमारे ३ टक्के, तर ४०६ वर ४ टक्क्यांहून जास्त.

३. तात्पुरता आकडा भरा

मोजायला लगेच वेळ नसेल तर तक्त्यातला आकडा घ्या. कॉम्प्युटरसोबत येणाऱ्या तक्त्यांत साधारण हे परीघ असतात, सगळे मिलिमीटरमध्ये:

- ७००×२३ : २०९६
- ७००×२५ : २१०५
- ७००×२८ : २१३६
- ७००×३२ : २१५५
- ७००×३५ : २१६८
- ७००×३८ : २१८०
- ७००×४० : २२००
- २६×२.० : २०५५
- २७.५×२.१ : २१४८
- २९×२.१ : २२८८
- २०×१.७५ (४०६ चं चाक) : १५१५

तुमचा टायर यादीत नसेल तर हिशोब सोपा आहे: रिमचा व्यास अधिक रुंदीची दुप्पट, गुणिले ३.१४१६. म्हणजे २८-६२२ साठी ६२२ + ५६ = ६७८, आणि ६७८ × ३.१४१६ = २१३०.

आता तक्त्यात याच टायरला २१३६ लिहिलंय. २५ च्या टायरला हिशोबाने २१११ येतात, तर तक्ता म्हणतो २१०५. म्हणजे एकाला तक्ता ६ ने जास्त, दुसऱ्याला ६ ने कमी! तक्त्यातल्या ओळींमधली वाढही एकसारखी नाही. २५ वरून २८ वर जाताना ३१ मिलिमीटर, आणि २८ वरून ३२ वर, जिथे जाडी जास्त वाढते तिथे, फक्त १९. तक्ता म्हणजे कधीतरी कोणत्यातरी टायरवरून काढलेली सरासरी समजा. तुमचा टायर त्यात नाही.

शिवाय टायरवर छापलेली रुंदी नाममात्र असते. तोच २५ चा टायर रुंद रिमवर बसवला की दोनेक मिलिमीटरने फुगतो. आणि चाकावर माणूस बसला की टायर खाली दबतो, हे तर कोणताच तक्ता धरत नाही.

४. चाक फिरवून स्वतः मोजा

हे काम वीस मिनिटांचं आहे आणि नवख्यालाही पहिल्या प्रयत्नात जमतं. करायचं असं:

अ) सेन्सर ज्या चाकावर आहे तेच चाक मोजा. वाचायला बाळबोध वाटेल. पण सेन्सर मागे असताना पुढचं चाक मोजणारे आहेत. मागच्या चाकावर वजन जास्त पडतं, टायर जास्त दबतो, आणि पुढे-मागे वेगळे टायर असतील तर प्रश्नच मिटला.

आ) हवा तुम्ही नेहमी भरता तेवढीच भरा. मोजायला म्हणून कडक भरू नका.

इ) व्हॉल्व्ह बरोबर खाली, जमिनीकडे येईल असं चाक लावा. व्हॉल्व्हच्या सरळ खाली जमिनीवर खडूने बारीक रेघ ओढा. टायरच्या बाजूवरही व्हॉल्व्हपाशी एक रेघ ओढलीत तर शेवटी नेम धरायला सोपं जातं.

ई) आता सायकलवर बसा, नेहमी बसता तसे, हात हँडलवर. पाठीवर बॅग घेऊन चालवत असाल तर बॅगेसकट. दुसऱ्याने सीटच्या मागे धरून हळूहळू ढकलायचं. ब्रेक लावायचा नाही, हँडल वळवायचं नाही. फरशीची किंवा पार्किंगच्या पट्ट्याची सरळ रेघ धरून गेलात तर चाक भरकटत नाही.

उ) पाच फेरे मोजा. पाचव्यांदा व्हॉल्व्ह खाली आला की थांबा आणि तिथे रेघ ओढा.

ऊ) दोन रेघांमधलं अंतर मोजा आणि पाचाने भागा.

पाचच फेरे का? रेघ ओढताना दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतातच. एकाच फेऱ्यावर ३ मिलिमीटरची चूक म्हणजे ०.१४ टक्के, तीच पाच फेऱ्यांत वाटली गेली की ०.०३. मोजपट्टी ५ मीटरचीच असेल तर दोन फेरे घ्या, २९ इंची चाकाचेही दोन फेरे त्यात बसतात. छोटी पट्टी तीनदा उचलून मोजण्यापेक्षा हे बरं, कारण दर वेळी उचलताना नवी चूक शिरते.

मोजपट्टी जमिनीला टेकलेली आणि ताणलेली हवी. टोकाचा पत्र्याचा हूक मुद्दाम किंचित सैल ठेवलेला असतो, त्यामुळे रेघेवर शून्य लावण्याऐवजी १० सेंटिमीटरची खूण लावा आणि शेवटी १० वजा करा. वजा करायला विसरणं हा या पद्धतीतला एकमेव मोठा धोका. पाच फेऱ्यांना तेवढ्याने परीघ २० मिलिमीटरने फुगतो.

समजा ७००×२८ च्या टायरवर पाच फेऱ्यांना १० मीटर ६१ सेंटिमीटर आले. १०६१० भागिले ५, म्हणजे २१२२. तक्ता सांगत होता २१३६, हिशोब २१३०. दबलेल्या टायरचा परीघ तक्त्यापेक्षा थोडा कमी येणं हे मोजणी नीट झाल्याचं लक्षण आहे. तुमचा आकडा तक्त्यापेक्षा एकदीड टक्क्याहून लांब गेला तर फेरे मोजण्यात किंवा टायरचा आकडा वाचण्यात गडबड आहे, पुन्हा करा.

*मदतीला कोणी नसेल तर:* टायरच्या मधोमध एका जागी टूथपेस्टचा ठिपका द्या आणि कोरड्या, गुळगुळीत जमिनीवर चालण्यापेक्षा थोड्या जास्त वेगाने सरळ सायकल चालवा. दर फेऱ्याला एक ठिपका उमटत जातो, प्रत्येक आधीच्यापेक्षा फिकट. पहिला आणि शेवटचा स्पष्ट ठिपका यांतलं अंतर मोजा, मधले फेरे मोजा, भागा. अगदी हळू चालवलंत तर तोल सावरताना पुढचं चाक नागमोडी जातं, ठिपके मात्र तुम्ही सरळ रेषेत मोजता, आणि परीघ खऱ्यापेक्षा कमी येतो.

५. आकडा कॉम्प्युटरमध्ये भरा

आधी एकूण किलोमीटर वहीत लिहा. काही कॉम्प्युटरना सेटिंगमध्ये शिरण्यासाठी सगळं पुसणारं बटण दाबावं लागतं आणि वर्षभराची बेरीज शून्य होते. काहींत ती परत भरता येते, काहींत नाही.

मग एकक बघा. चार आकडी जागा असेल तर मिलिमीटर, तीन आकडी असेल तर बहुधा सेंटिमीटर: २१२२ चे २१२ होतील. यात ०.१ टक्का जातो, सोडून द्या. एखादं मॉडेल परिघाऐवजी व्यास मागतं; तिथे २१२२ भागिले ३.१४१६, म्हणजे ६७५. फक्त टायरच्या नावांची यादी देणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये नावाकडे न बघता तुमच्या मोजलेल्या परिघाच्या जवळचा पर्याय निवडा.

दोन सायकलींसाठी ‘१’ आणि ‘२’ अशी सोय असेल तर आकडा कोणत्या क्रमांकात भरलात आणि पडद्यावर कोणता चालू आहे, दोन्ही तपासा. बटण चुकून दाबलं जाऊन दुसरी सायकल चालू होणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

ई-सायकलवर हा आकडा मोटरच्या वेगमर्यादेशी जोडलेला असतो. तिथे तो खोटा भरून मोटरला जास्त वेगापर्यंत चालू ठेवण्याच्या फंदात पडू नका. बऱ्याच ठिकाणी ते बेकायदा आहे.

६. रस्त्यावर पडताळा घ्या

ज्ञात अंतर चालवून बघायचं आणि हे सूत्र वापरायचं:

नवा आकडा = जुना आकडा × खरं अंतर ÷ कॉम्प्युटरने दाखवलेलं अंतर

उदाहरणार्थ, २१३६ भरलेला असताना खऱ्या ४.०० किलोमीटरला ४.०३ दिसले. २१३६ × ४ ÷ ४.०३ = २१२०. कॉम्प्युटर जास्त दाखवत असेल तर आकडा कमी व्हायला हवा. उत्तर उलट्या दिशेला गेलं तर सूत्रात वरखाली झालं आहे.

चारशे मीटरचा धावण्याचा ट्रॅक यासाठी चांगला, सायकल चालवू देत असतील तर. पण ४०० मीटर हे पहिल्या लेनचं, आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजलेलं अंतर आहे. दुसऱ्या लेनमध्ये तीच फेरी ४०७ मीटरची होते. दहा फेऱ्यांत ७० मीटर जास्त, आणि तुमचा सगळा हिशोब पावणेदोन टक्क्यांनी हुकतो.

रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर एकेकट्याने भरवसा ठेवू नका. रस्ता रुंद झाला, वळण सरळ केलं, की दगड मागेपुढे होतात. निदान दहा दगडांचं अंतर एकत्र धरा.

आणखी एक: कॉम्प्युटर अंतर ०.०१ किलोमीटरच्या टप्प्याने दाखवतो. चार किलोमीटरच्या चाचणीत १० मीटरची अनिश्चितता म्हणजे पाव टक्का. म्हणून छोटी रस्त्यावरची चाचणी आणि नीट केलेली पाच फेऱ्यांची मोजणी यांत अर्ध्या टक्क्याच्या आत फरक आला तर मोजणीवरच विश्वास ठेवा. फरक त्याहून मोठा असेल तर दोन्ही पुन्हा करा.

७. जीपीएसवाला कॉम्प्युटर असेल तर

फक्त जीपीएसवर चालवत असाल तर टायरचा प्रश्न येत नाही, दुसरे येतात. जीपीएस ठरावीक वेळाने एकेक बिंदू टिपून ते सरळ रेषांनी जोडतो, त्यामुळे घाटातली नागमोडी वळणं तो कापतो. दाट झाडीत बिंदू रस्त्याबाहेर उडतात. शिवाय नुसतं नकाशावरचं सपाट अंतर मोजलं तर १० टक्के चढावर अर्धा टक्का कमी भरतो. चाक मात्र रस्त्याला चिकटून जातं, वळण असो वा चढ.

हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, बसणारा बिनचुंबकाचा सेन्सर जोडला असेल तर परीघ पुन्हा लागतोच. बरीच यंत्रं तो जीपीएसशी ताडून आपोआप काढतात. ही सोय चांगली आहे, पण पहिली राइड मोकळ्या आकाशाखाली, सरळ रस्त्यावर करा, आणि नंतर सेटिंगमध्ये जाऊन त्याने काय आकडा काढलाय ते बघा. ६२२ च्या रोड टायरला २०८० च्या खाली किंवा २२५० च्या वर काही दिसलं तर आपोआपची सोय बंद करून स्वतः मोजलेला आकडा टाका.

८. पुन्हा कधी मोजायचं

टायर किंवा रिम बदलल्यावर. नवा टायर पहिल्या काही दिवसांत थोडा ताणला जातो, म्हणून बसवल्या दिवशी तक्त्यातला आकडा चालवा आणि आठवड्याने मोजा. टायरचं रबर १ मिलिमीटर झिजलं की परीघ ६ मिलिमीटरने घटतो, म्हणजे ०.३ टक्के, झिजलेल्या टायरसाठी मुद्दाम मोजायची गरज नाही. नेहमीपेक्षा बराच कमी दाब ठेवायला लागलात, विशेषतः जाड टायरमध्ये, तर मोजा. पुढच्या कॅरिअरवर सामान लादून लांबच्या प्रवासाला निघणार असाल आणि सेन्सर पुढे असेल, तर सामानासकट मोजा. सामान फक्त मागे असेल तर पुढच्या चाकाला त्याची फारशी खबर लागत नाही.

मोजलेला आकडा, टायरचं माप, दाब आणि तारीख कागदी चिकटपट्टीवर लिहून सीटच्या खालच्या बाजूला चिकटवा. कॉम्प्युटरची बॅटरी बदलताना सेटिंग बऱ्याचदा पुसली जाते, आणि तेव्हा हा आकडा आठवत नाही.